एकाहत्तर

“शेपटीवर काय लिहिलंय, वाच,” हे म्हणाले.

“आधी रस्ता तर ओलांडू द्या,” मी म्हणाले. माझ्या एका हातात ह्यांचा दंड, दुसऱ्या हातात पिशवी, चारी बाजूंनी गाड्या, आणि मधल्या गोल चौकात खांबावर चढवून ठेवलेलं ते विमान. नाक वर, शेपूट खाली. ऐट अशी की आत्ता उडणार. कबुतरांनी मात्र त्याची पार रया घालवली होती.

कठड्याला टेकून मी चष्मा पुसला आणि मान वर केली. “शेवटचे दोनच आकडे सांगू का?”

“सगळे सांग. सुटे सुटे.”

मी सुटे सुटे वाचले. शेवटचे दोन निघाले पाच आणि नऊ.

“एकोणसाठ,” हे म्हणाले. खिशातली वही काढून माझ्यापुढे धरली आणि मी चौदाव्या ओळीवर काट मारली. साडेतीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि अर्ध्या मिनिटात काट मारून परत फिरायचं. तीन वर्षं हेच चाललं होतं.

ह्यांना कडेचं दिसतं आणि समोरचं दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. टेबलाच्या कडेला पडलेला शेंगदाणा दिसतो, पण समोर बसलेली बायको दिसत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, मग फारसं काही बदललेलं नाही. डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. घरी आले, लेकीची जुनी शाळेची वही शोधून काढली आणि मला म्हणाले, “पूर्ण जायच्या आत मला विमानं बघायची आहेत.”

हे हवाई दलात फिटर होते. उडवणारे नव्हेत, दुरुस्त करणारे. लढाऊ विमानांचे पंख, झाकणं, चाकं, दांड्या. ती विमानंही म्हातारी होतात, त्यांनाही एक दिवस घरी बसवतात. काही भंगारात जातात आणि काहींना रंगरंगोटी करून शाळेच्या मैदानात, बागेत, चौकात, कॉलेजच्या फाटकापाशी उभं करतात. कुठलं विमान कुठे गेलं याची यादी कुणाकडेही नाही. मग ती यादी करायची कुणी? मी. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. माझा आवाज ऐकला की समोरचा माणूस आपोआप सरळ बसतो. गावोगावच्या शाळांना, नगरपालिकांना मी फोन लावायची, “नमस्कार, आपल्याकडे विमान आहे का?” एका शाळेतले क्लार्क म्हणाले, “बाई, आमच्याकडे बस नाही, विमान कुठून आणू?”

मला वाटायचं, म्हातारपणीचा छंद आहे. कुणी तिकिटं जमवतं, हे विमानं जमवतात. लेक फोनवर विचारायची, “काय गं, बाबांचं विमान मिळालं का?” आणि आम्ही दोघी हसायचो. पण छंद असलेला माणूस विमान दिसलं की खूश होतो. हे प्रत्येक वेळी आधी घाबरायचे आणि नंतर खचायचे. न दिसायला मी काही आंधळी नव्हते.

त्या दिवशी माझा पारा चढला. बसस्टँडवर पोचलो तर परतीची बस नुकतीच गेलेली. बाकावर बसले, चपला काढल्या आणि सुजलेले पाय बघून म्हटलं, “आज मला खरं सांगा. काय शोधताय तुम्ही? नाहीतर पंधराव्या विमानाला एकटे जा. मी चालले लेकीकडे राहायला.”

हे सदऱ्याच्या टोकाने काठी पुसायला लागले.

“तोंडाला कुलूप लावून तुम्ही माझं आख्खं आयुष्य काढलंत. किल्ली कुठे ठेवलीय ते तरी सांगा!”

बाजूचा माणूस वळून बघायला लागला. ह्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली आणि स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “एकाहत्तर नंबरचं विमान शोधतोय. त्यात माझा दहाचा पाना राहिलाय.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “पान्यासाठी? बाजारात जाऊन नवा आणला असता मी!”

“राहिला असला तर मी सुटलो,” हे म्हणाले. “नसला तर तो सतरामध्ये होता. आणि सतरा पडलं.”

सतरा पडलेलं मला माहीत होतं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. हे घरी आले ते बूट न काढता आत आले आणि तसेच पलंगावर बसून राहिले. एक विमान तळ्यात पडलं, पायलट गेला, एवढंच मला कळलं. सगळ्याच घरांत तेव्हा सुतक आल्यासारखं झालं होतं, त्यामुळे ह्यांच्या गप्प बसण्याचं मला वेगळं काही वाटलं नाही. ते गप्प बसणं मग उठलंच नाही. बढतीची परीक्षा दिली नाही. मुदत संपताच नोकरी सोडली आणि एका कारखान्यात लेथवर उभे राहिले. स्वभावच तसा, असं मी सगळ्यांना सांगत आले.

बस यायला सव्वा तास होता. अडतीस वर्षांचं ओझं ह्यांनी त्या सव्वा तासात उतरवलं.

त्यांच्या कामात हत्यारांचा नियम कडक असायचा. टूल रूममध्ये एक मोठी फळी, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला एक हत्यार. हत्यार घ्यायचं असेल तर त्या खिळ्याला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी हत्यार परत लावायचं आणि बिल्ला काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला दिसला की समजायचं, हत्यार बाहेर आहे आणि ते याच्याकडे आहे. ह्यांचा नंबर तेवीस; ह्यांच्या वाट्याच्या हत्यारांच्या दांड्यांवरही तोच कोरलेला. एक जरी हत्यार कमी भरलं, तर ज्या विमानांवर काम झालं ती जागची हलायची नाहीत. सगळी झाकणं उघडून शोधायचं, आणि ज्याचं हत्यार हरवलं तो सापडेपर्यंत घरी जाणार नाही. सुटा पाना आत घरंगळून पंखावरच्या झडपा हलवायच्या दांडीत अडकला, तर पायलटने कितीही जोर लावला तरी दांडी हलत नाही.

“त्या दिवशी दोन विमानं केली,” हे म्हणाले. “सतरा आणि एकाहत्तर. एकाहत्तर पहाटे दुसऱ्या हवाई तळावर जायचं होतं, सतरा सकाळी सरावाला. चार वाजता हत्यारं मोजली. दहाचा पाना नाही.”

“मग सांगायचं ना!”

“त्याच वेळी निरोप आला. तुला दवाखान्यात नेलं होतं.”

सतरा पडलं त्याच्या आदल्याच संध्याकाळी! मला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं होतं, पण दोन्हींचा संबंध मी कधी लावलाच नव्हता. पाचवा महिना चालू होता. स्वयंपाकघरात रक्त बघून मी किंचाळले होते आणि शेजारणीने मला रिक्षात घातलं होतं. हे आले तेव्हा घामाने भिजलेले होते. रात्रभर माझा हात धरून बसले होते. नवरा असावा तर असा, असं मी आयाबायांना किती वर्षं सांगितलं असेल!

“माझ्या कपाटात माझा स्वतःचा दहाचा पाना होता. तो खिळ्याला लावला. बिल्ला काढून घेतला. रजिस्टरमध्ये लिहिलं, हत्यारं पूर्ण. खाली सही केली. म्हटलं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन दोन्हीत हात घालून बघीन.” ह्यांनी काठी जमिनीवर टेकवली, उचलली, परत टेकवली. “सकाळी डॉक्टर म्हणाले, आई आणि बाळ दोघं ठीक आहेत. मी पळत सुटलो. एकाहत्तर गेलेलं होतं. सतराही वर होतं. सतराचा पायलट मला मिस्त्री म्हणायचा. मी शिडी काढायला लागलो की म्हणायचा, मिस्त्री, परत आणून देतो तुमचं विमान. त्या दिवशी शिडी दुसऱ्याने काढली.”

विमान तळ्यात पडलं, अर्धं चिखलात गेलं ते गेलंच. चौकशीत लिहिलं, नक्की कारण सांगता येत नाही. ह्यांना विचारलं, हत्यारं पूर्ण होती? हे म्हणाले, रजिस्टर बघा.

“अहो, पण तेव्हाच सांगायचं की एकाहत्तर उघडून बघा!”

“आणि त्यात नसता निघाला तर?”

मी पदराने चष्मा पुसला. मग म्हटलं, “मला तरी सांगायचं.”

“तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे झालं.”

म्हणाले असते. अजूनही म्हणते. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता. आमच्या दाराशेजारी एक खिळा आहे. त्याला तो पितळी बिल्ला लटकत असायचा. नोकरीची आठवण असेल, असं मी धरून चालले होते. एकदा त्याच खिळ्याला मी किल्ल्या अडकवल्या, तर आयुष्यात कधी आवाज न चढवलेला हा माणूस माझ्यावर असा ओरडला की लेक घाबरून रडायला लागली. फळीवर लावता येत नव्हता, म्हणून ह्यांनी तो घरी लावला होता. हत्यार बाहेर आहे आणि ते याच्याकडे आहे. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते.

बस आली. आम्ही बसलो. तिकिटं काढली. मग मीच वही उघडली. सहावी ओळ कोरी होती. ना नंबर, ना काट. लेकीच्या गावातली ती नगरपालिकेची बाग. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला गेलो असताना हे तिथे सकाळी एकटेच गेले होते, तेव्हा आकडे थोडेफार दिसायचे. बागेतून त्यांना लोकांनी उचलून आणलं. दरदरून घाम, हातपाय गार. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. त्या बागेचं नाव ह्यांनी परत काढलं नाही.

“हे कोरं का?”

“तिथे सतरा उभं होतं,” हे हळू आवाजात म्हणाले. “तळ्यात गेलेलं विमान. चाकांवर उभं. शेपटीवर शेवटी एक आणि सात. मला वाटलं, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं.”

मी खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या पुढच्या सीटवरचा एक माणूस मोबाइलवर कुणाला तरी नंबर सांगत होता. “शेवटी एक्याऐंशी. अहो, एक्याऐंशी! नाही नाही, एक आठ नाही. आठ एक! आठ आधी!”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“अहो!” मी इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरने मागे बघितलं. “एकाहत्तर लिहा!”

“काय?”

“बोटाने लिहा, इथे, माझ्या तळहातावर. मी सांगते तसं. एका… हत्तर.”

ह्यांचं बोट माझ्या तळहातावर आधी एक काढायला निघालं आणि थांबलं.

एक्स्चेंजमध्ये नवीन आलेल्या प्रत्येक मुलीने हीच चूक केलेली आहे. मीही केलेली आहे. एकाहत्तर म्हणताना कानावर आधी एक पडतो आणि सत्तर मागून येतात. कान ऐकतो त्या क्रमाने हात लिहितो. एक, सात. फोन भलत्याच घरी लागतो आणि शिव्या आपल्याला. म्हणून आमच्या सुपरवायझर बाई पट्टी आपटून म्हणायच्या, आकडे सुटे बोला, आकडे सुटे बोला. ह्यांच्या लोकांनाही तीच सवय. पण बागेला विमान देणारा कुणी साहेब फोनवर सुटं न बोलता घाईत ‘एकाहत्तर’ म्हणाला असेल तर?

“दोन वर्षं!” मी म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी मला सांगितलं असतंत, तर दुपारच्या आत मी तुम्हाला हे सांगितलं असतं!”

ह्यांनी मान खाली घातली. माझा तळहात मात्र त्यांनी सोडला नाही.

दोन दिवसांनी आम्ही बागेत गेलो. घरातून निघताना मी दार ओढलं आणि माझं लक्ष खिळ्याकडे गेलं. खिळा रिकामा होता. मी विचारलं नाही.

विमान बागेच्या टोकाला सिमेंटच्या चौथऱ्यावर उभं होतं, स्वतःच्या चाकांवर. ताजा निळा रंग, शेपटीवर पांढरे आकडे. शेवटचे दोन, एक आणि सात. ह्यांना ते दिसत नव्हते तरी त्यांनी तिकडे पाठ केली.

माळी पाइपने पाणी घालत होता. साठीचा माणूस, बोलका. मी त्याला विचारलं, “हा नंबर कुणी लिहिला?”

“पेंटरने. पण पेंटरला नंबर दिला मी,” तो छाती काढून म्हणाला. “विमान आलं तेव्हा नुसता पत्रा होता हो काकू, आकडे खरवडलेले. ऑफिसात साहेब नव्हते, फोन मी घेतला. त्यांनी सगळा नंबर सांगितला, मी कागदावर लिहून घेतला.”

“शेवटचे दोन काय सांगितले?”

“एकाहत्तर,” माळी लगेच म्हणाला. “अजून आठवतंय.”

ह्यांनी काठी घट्ट धरली. मी म्हटलं, “इथे मातीत लिहून दाखवा बरं.”

“त्यात काय?” त्याने काडी घेतली. “एका…” म्हणत एकाचा आकडा काढला, “…हत्तर” म्हणत साताचा काढला, आणि हसत वर बघितलं. मग खाली बघितलं. मग शेपटीकडे. हसू गेलं. काडी तशीच हातात राहिली. “अरे देवा. पण काकू, चुकलं असेल कसं? एक बाई येतात दरवर्षी. म्हाताऱ्या आहेत. त्यांचा भाऊ या विमानात गेला म्हणे. कुणीतरी त्यांना सांगितलं, सतरा नंबर या बागेत उभा आहे. पंखाला हात लावून उभ्या राहतात, अर्धा तास. खोटं असतं तर एवढं रडू आलं असतं का?”

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता परत उचलून न्यावं लागतंय. पण हे म्हणाले, “शिडी आहे?”

झाडं छाटायची शिडी होती. माळ्याने आणि मी ती चाकाजवळ लावली. वर उडाल्यावर चाक जिथे आत जातं, तिथे पोटात खोबण असते. तिच्या आत पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यावर खरा नंबर ठोकलेला असतो. वरून कितीही रंग मारला तरी ठोकलेला आकडा जात नाही, हे ह्यांनी मला बसमध्ये सांगितलं होतं. हे दोन पायऱ्या चढले. मी खालून कंबर धरली. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. ओठ हलत होते. शेवटी अंगठा थांबला.

“सात,” हे म्हणाले. मग बराच वेळ अंगठा तिथेच. “एक.”

खाली उतरले ते माझ्या खांद्यावर जवळजवळ पडलेच. “वर, आत, चाकाच्या दांड्याच्या मागे हात घालायला लागतो,” म्हणाले. “त्या दिवशी काम तिथेच होतं. तेव्हा माझा हात जायचा. आता बोटं बघ माझी.” लेथने आणि संधिवाताने बोटांच्या गाठी झाल्या होत्या. मग मी घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही त्यांच्या हातात दिली आणि पदर खोचला.

“काकू, मी चढतो की,” माळी म्हणाला.

“तुम्ही शिडी धरा. हे माझं काम आहे.”

खोबणीत पक्ष्यांचं जुनं घरटं होतं, काड्या, पिसं, वाळलेली घाण. मी ती ओढून खाली टाकली. हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत. आत गार होतं आणि चिकट. हे खालून सांगत होते. “वर नाही. आडवा ने. दांडी लागली? गोल, जाड?”

“लागली.”

“तिच्या मागे एक कप्पा आहे. बोटं खाली वळव.”

मी बोटं खाली वळवली. काही नाही. पत्रा. थोडं ग्रीस. परत पत्रा. हे खाली शिडीची पायरी धरून उभे होते. काही नसलं तर काय सांगायचं ह्यांना? खरं सांगते, ‘आहे’ म्हणायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. तेवढ्यात करंगळी कशाला तरी लागली. पत्र्याहून जाड. कडेला गोल भोक.

घट्ट बसलेला होता. ग्रीस वाळून दगड झालं होतं. मी दात आवळून ओढला, हाताचं सालटं निघालं, परत ओढला. सुटला तेव्हा मी शिडीवरून पडता पडता वाचले.

मी तो ह्यांच्या हातात दिला. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने दांडा पुसला आणि अंगठा फिरवला. “तेवीस,” म्हणाले.

मला काय झालं कोण जाणे. मी हसतही होते, रडतही होते. “सुटलात हो! सुटलात तुम्ही! तुमच्या हातून नाही गेला तो! अडतीस वर्षं उगाच जाळलीत स्वतःला!” माळ्याला काही कळलं नव्हतं तरी तोही डोळे पुसत होता.

हे चौथऱ्याच्या कडेवर बसले. पाना मांडीवर. मी वाट बघत होते की आता तरी रडतील, काहीतरी बोलतील.

“बारा वर्षं,” हे म्हणाले.

“अडतीस म्हणा.”

“नाही. त्यानंतर हे विमान बारा वर्षं उडलं. मी माहिती काढत होतो. बारा वर्षं हा आत होता, त्या हलत्या दांडीच्या शेजारी. रोज कुणीतरी यात बसत होतं. मिस्त्र्यावर विश्वास ठेवून बसत होतं.” ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघायला, म्हणजे माझ्या थोडंसं बाजूला. “मला माहीत होतं, दोन्हींपैकी एकात आहे. एक तर पडलं. म्हणजे दुसऱ्यात असू शकतो, हे मला रोज माहीत होतं. एक पत्र टाकायचं होतं. मी माझंच बघत राहिलो, त्यात नसला तर माझं काय होईल. असला तर त्यांचं काय होईल, हे मी एकदाही…”

त्यांनी पाना मांडीवर उलटा केला.

मी आयुष्यभर ह्यांना धीर देत आले. परीक्षा नाही दिलीत, असू दे. नोकरी सोडलीत, असू दे. तिथे मात्र ‘असू दे’ माझ्या तोंडातून निघालं नाही. मी शेजारी बसले आणि म्हटलं, “हो. पत्र टाकायला हवं होतं.” त्यांनी मान हलवली. मी एवढं तरी खरं बोलले याचं त्यांना बरं वाटलं असावं.

माळी अवघडून उभा होता. म्हणाला, “काका, उद्याच पेंटरला बोलावतो. आकडा सरळ करून घेतो.”

“नको,” हे म्हणाले. “त्या बाई येतात ना?”

“येतात. आता पुढच्या महिन्यात येतील.”

“मग सतराच राहू दे. त्यांनी कुठे जाऊन उभं राहायचं? तळ्यात?”

मग खिशातून त्यांनी बिल्ला काढला. पितळ माझ्या पुसण्याने पार गुळगुळीत झालं होतं, पण तेवीस वाचता येत होतं. तो माझ्यापुढे धरला. “हा आत ठेव. पाना होता तिथेच.”

“आता कशाला? पाना मिळाला की!”

“हत्यार काढून घेतलं की तिथे बिल्ला ठेवायचा,” हे म्हणाले. “कुणी कधी उघडलं तर कळू दे, इथे कुणाचं काम होतं.”

मी परत चढले. कोपरापर्यंत हात घातला, दांडीच्या मागे बोटं खाली वळवली आणि सोडला. टण्ण आवाज आला. खाली ह्यांनी तो ऐकला.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी मला वही उघडायला लावली. सहाव्या ओळीवर मी लिहिलं, सात, एक. पुढे म्हणाले, “उद्या हवाई तळाला पत्र लिहायचंय. मी सांगतो, तू लिही.”

“नाव घालायचं?”

“पूर्ण नाव. नंबर. तारीख. पाना कुठे मिळाला तेही.”

“ते विचारतील, इतकी वर्षं काय करत होतात.”

“विचारू दे.”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. मी कुलूप काढलं, दिवा लावला आणि सवयीने किल्ल्या टेबलावर ठेवायला निघाले. मग थांबले. दाराशेजारी खिळा रिकामा होता आणि त्याच्याखाली भिंतीवर रुपयाएवढी गोल, स्वच्छ खूण होती. मी मागे वळून ह्यांच्याकडे बघत बघत किल्ल्या त्या खिळ्याला अडकवल्या. मुद्दाम आवाज केला.

ह्यांना ऐकू गेलं. ते खुर्चीत बसले होते, बूट न काढता, पाना दोन्ही हातांत धरून. ते ओरडले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “घट्ट बसल्यात ना? पडतील,” आणि मग वाकून बुटाची नाडी चाचपायला लागले.